दोन चौकटींमधली फट

जॉन अर्बकल हा माणूस १९७८ सालापासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत बोलतो आहे. जिम डेव्हिसच्या ‘गारफिल्ड’ या चित्रपट्टीतला तो मांजराचा मालक. पट्टीला नाव मांजराचं, लसान्याचं वेड मांजराचं, शेवटच्या चौकटीतली टाळीची ओळही बहुतेक मांजराचीच. जॉनने विषय काढायचा आणि मांजराने त्याची फिरकी घ्यायची, असा शिरस्ता. २००८ मध्ये डब्लिनच्या डॅन वॉल्शने इंटरनेटवर एक उद्योग मांडला. या पट्ट्यांमधून तो गारफिल्डला पुसून टाकू लागला. जॉनच्या तोंडचा शब्द बदलायचा नाही, त्याची रेघ हलवायची नाही. फक्त मांजर आणि मांजराच्या ओळी लिहिलेले फुगे काढून घ्यायचे.

जे उरतं ते बघून आधी हसू येतं आणि मग आत काहीतरी हलतं. पहिल्या चौकटीत जॉन टेबलाशी बसून आपल्या आयुष्याबद्दल काहीतरी जाहीर करतो. दुसऱ्या चौकटीत तो गप्प. तिसऱ्या चौकटीत तिथेच, तसाच, समोर बघत. मूळ पट्टीत ही जागा मांजराच्या उत्तरासाठी राखलेली होती. उत्तर गेलं आणि तिथे नुसती वेळ उरली. एक माणूस बोलला आणि कुणीच काही म्हणालं नाही, एवढंच.

यातली मेख अशी की गारफिल्ड तोंडाने बोलत नाही. त्याच्या डोक्यावर असतो तो विचारांचा फुगा, ढगाच्या आकाराचा, खाली लहान लहान गोळे असलेला. तो आपल्याला वाचता येतो, जॉनला ऐकू येत नाही. म्हणजे मूळ पट्टीतही जॉन त्या घरात एकटाच बोलत होता. त्याचं एकटेपण पहिल्यापासून तिथे होतं. मधे एक लठ्ठ केशरी मांजर बसलं होतं म्हणून आपल्याला ते दिसत नव्हतं. वॉल्शने ते मांजर उचलून बाजूला ठेवलं. डेव्हिसला हा प्रकार आवडला, हे मला त्याच्या मनाचा मोठेपणा सांगणारं वाटतं. त्याच वर्षी त्याच्या संमतीने याचं पुस्तकही निघालं आणि त्यात मूळ पट्टी आणि पुसलेली पट्टी दोन्ही छापल्या गेल्या. मी अशी पानं बघताना आधी पुसलेली वाचते, मग मूळ, आणि मग परत पुसलेली. तिसऱ्या वाचनात ती सगळ्यात जास्त भिडते.

चित्रपट्टीच्या चौकटी काढणं, पुसणं, मागेपुढे करणं, एका पट्टीतली चौकट दुसरीत नेऊन बसवणं, या सगळ्याला आपण आता सरसकट मीम म्हणतो आणि अंगठ्याने वर ढकलून पुढे जातो. मला त्यांच्यापाशी थांबावंसं वाटतं. कारण इथे कुणीही नवीन विनोद लिहिलेला नसतो. शब्द तेच, चित्रं तीच, हात दुसऱ्याचा. तरी हसू नवीन येतं. ते कुठून येतं?

स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकाराने १९९३ साली ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ हे पुस्तक काढलं. कॉमिक्सविषयीचं पुस्तक, आणि तेही कॉमिक्सच्याच रूपात. त्यात दोन चौकटींची एक जोडी आहे. पहिलीत एक माणूस दुसऱ्यावर कुऱ्हाड उगारून धावतोय. दुसरीत रात्रीचं शहर आणि आभाळात घुमणारी किंकाळी. कुऱ्हाड पडताना कुठेच दाखवलेली नाही. ती पडली दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या फटीत, आणि तिथे चित्रकार गेलाच नव्हता. मॅक्लाउड वाचकालाच त्या खुनात सामील धरतो. कुऱ्हाड कितपत जोरात पडली, कुठे पडली, हे ज्याचं त्याने ठरवलं. सिनेमावाल्यांना ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधी कळली होती. रशियात लेव्ह कुलेशोव्हने एकाच नटाचा एकच निर्विकार चेहरा सूपच्या वाडग्याला, शवपेटीला आणि एका स्त्रीला जोडून दाखवला होता. लोकांना त्याच चेहऱ्यावर भूक, शोक आणि अभिलाषा दिसली असं सांगतात. पडद्यावर चित्रं सरसर पुढे जातात. छापील पट्टीत ती फट डोळ्यांसमोर उघडी असते, आणि तिच्यात जितका वेळ रेंगाळायचं तितका वेळ रेंगाळता येतं.

एक पट्टी मनाशी काढून बघा. तीनच चौकटी. पहिलीत आजोबा आरामखुर्चीत बसलेत, पेपर इतका वर धरलाय की चेहरा दिसत नाही. दुसरीत नातू, हातात बॅट, डोळे विस्फारलेले, शेजारी खिडकीची फुटलेली काच. तिसरीत आजोबा दारात उभे आणि फुग्यात ओळ: ‘कोण आहे रे तिकडे?’ या क्रमाने वाचली तर पट्टी सरळ आहे. घराघरात घडणारी, मामुली.

आता काच पहिली घ्या, मग पेपर, मग आरोळी. आजोबांना उशिरा ऐकू येतं! काच, आरोळी, पेपर असं लावा: आजोबा ओरडून परत येऊन बसले, म्हणजे हे रोजचंच असावं. पेपर, आरोळी, काच: आवाज आधी, गुन्हेगार शेवटी, छोटीशी रहस्यकथा. आरोळी, पेपर, काच: नातू दबा धरून होता, आजोबा परत पेपरात गेल्यावर त्याने हात मोकळा केला. आणि राहिली शेवटची मांडणी. आरोळी, काच, पेपर. आजोबा उगाच ओरडले, पोरगं दचकलं, बॅट भलतीकडे फिरली, काच फुटली, आणि आजोबांनी पेपरामागे तोंड लपवलं. चोराच्या उलट्या बोंबा.

तीन चौकटींच्या सहा मांडण्या होतात आणि सहाही मांडण्यांचा अर्थ लागतो, हे मला दरवेळी विलक्षण वाटतं. अर्थ लावल्याशिवाय आपल्याला राहवतच नाही. दोन चित्रं शेजारी आली की मन त्यांच्यात ‘म्हणून’ घालतं. मीम करणारे याच सवयीवर काम करतात. पण सहापैकी खळखळून हसवते ती शेवटची. तिच्यात दोष एका माणसावरून उचलून दुसऱ्यावर गेला, हे एक कारण. त्याहून मोठं कारण म्हणजे पेपर. पहिल्या मांडणीत तो नुसतं सामान होता, खुर्चीइतकाच. शेवटच्या मांडणीत तो लपायची जागा झाला. चित्रात रिकामा बसलेला एखादा तपशील अचानक कामाला लागला की हसू आतून फुटतं. चांगली अदलाबदल आणि नुसती उलथापालथ यांत फरक करायला मी तरी हीच खूण बघते. जॉनचं समोर बघणंही असंच. मूळ पट्टीत तिकडे कुणाचं लक्षही जात नाही. मांजर गेल्यावर सगळा भार त्या नजरेवर येतो.

अशा खेळाची चव मला लहानपणी कात्रीने लावली. आमच्याकडे ‘सकाळ’ यायचा आणि त्यात ‘चिंटू’ यायचा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही पट्टी २१ नोव्हेंबर १९९१ ला सुरू झाली, आणि आमच्या घरात पेपर उघडायचा तो आधी त्या पानावर. मे महिन्याच्या सुट्टीत आतेभाऊ राहायला आला की रद्दीच्या गठ्ठ्यातून आम्ही चिंटू कापून काढायचो. पट्टी अख्खी कापून वहीत चिकटवणारे पुष्कळ होते. आम्ही चौकटी सुट्या करायचो, पिसायचो, आणि शहाबादी फरशीवर नव्याने लावायचो. पेनाने काही लिहायचं नाही हा नियम आतेभावाचा, आणि त्याने तो फार कडक पाळला. एका दिवशीच्या पट्टीतली चिंटूची मैत्रीण मिनी दुसऱ्या दिवशीच्या पट्टीतल्या त्याच्या मित्रावर, बगळ्यावर, डोळे वटारायची. पप्पू एका पट्टीत जोरात हसायचा आणि पुढची चौकट जोशीकाकूंच्या रागाची लागायची, की झालं! पंखा लावला तर चौकटी उडून जायच्या, म्हणून भर उन्हाळ्यात पंखा बंद.

त्या फरशीवर काही गोष्टी आपोआप कळत गेल्या. चिंटू नुसता आपल्याकडे बघतोय, फुगा नाही, अशी चौकट कुठेही बसते आणि जिथे बसते तिथल्या सगळ्या प्रसंगाचा अर्थ ठरवते. ‘म्हणून’ने सुरू होणारी चौकट कशाच्याही मागे लावा, तिला कारण मिळतंच. ‘पण’ने सुरू होणारी तर सोन्याची. याउलट ज्या चौकटीत दोघंतिघं भरभरून बोलतायत ती अडून बसते. तिची गोष्ट तिच्यातच पुरी झालेली असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या पट्ट्या आम्हाला तोंडपाठ होत्या त्यांच्याच चौकटी आम्ही चांगल्या लावायचो. नीट न वाचलेल्या पट्टीचं काही जमायचं नाही. मोडायचं तर आधी तिचा ताल अंगात मुरलेला लागतो.

मॅक्लाउडने मोठ्या माणसांसाठी हाच खेळ रचलाय हे पुढे वाचलं तेव्हा झालेला आनंद मला आठवतो. त्याचं नाव ‘फाइव्ह कार्ड नॅन्सी’. अर्नी बुशमिलरच्या ‘नॅन्सी’ या पट्टीच्या जुन्या चौकटी कापून त्यांचे पत्ते करायचे, प्रत्येकाला पाच वाटायचे, आणि एकापुढे एक लावत पट्टी वाढवत न्यायची. टाकलेला पत्ता बाकीच्यांना पटला तर राहतो, नाहीतर मागे घ्यावा लागतो. मला यातला हा पटण्याचा भाग फार मोलाचा वाटतो. चौकट बसली की नाही, हे टाकणाऱ्याने ठरवायचं नाही.

नॅन्सीच का? बुशमिलरचं चित्र इतकं नितळ आहे की त्यात वाचायला वेळच लागत नाही. कुंपण म्हणजे कुंपण, झाड म्हणजे झाड, अंगणात दगड दाखवायचे तर तीन. दोन दाखवले तर जोडी वाटेल, चार म्हणजे उगाच जास्त. अशी चौकट आपल्या मूळ प्रसंगाचं ओझं बरोबर आणत नाही. शिवाय बुशमिलर शेवटची चौकट आधी ठरवायचा आणि तिथून मागे मागे येत पट्टी रचायचा. म्हणजे ज्या क्रमाने आपण नॅन्सी वाचतो, त्या क्रमाने ती जन्मलेलीच नाही. १९८२ साली तो गेला. त्याच्या चौकटी अजून हात बदलतायत.

फ्रेंच लोकांनी याला पार तपश्चर्येचं रूप दिलं. जाँ-क्रिस्तोफ मनूने आठ चौकटी काढल्या, फक्त आठ, आणि लुइस त्रोंदाइमने त्याच आठ चौकटी फिरवून फिरवून, फुग्यांत नवे शब्द भरून, शंभर पट्ट्या केल्या. १९९१ साली त्याचं पुस्तक निघालं. पुढच्याच वर्षी या मंडळींनी स्वतःवर असे निर्बंध घालून चित्रकथा रचणाऱ्यांचा ‘उबापो’ नावाचा गट काढला. कॅनडात रायन नॉर्थ २००३ पासून ‘डायनोसॉर कॉमिक्स’ करतोय, त्यात चित्रं तर बदलतच नाहीत. तेच सहा पॅनल, तोच टी-रेक्स, तेच पायाखाली येणारं छोटंसं लाकडी घर, फक्त बोलणं नवं. मला त्रोंदाइमचा प्रयोग जास्त आवडतो, कारण त्यात चौकटही जागा बदलते. पण दोघांकडे बघून एक भरवसा वाटतो. चित्र संपत नाही. त्याचा शेजार बदलत राहिला तर ते फार दिवस टिकतं.

यंत्रानेही हे करून बघितलं गेलंय. वेगवेगळ्या दिवसांच्या पट्ट्यांतून वाटेल ती एकेक चौकट उचलून तीन जोडायच्या, बटण दाबलं की नवी पट्टी. पाच-दहा मिनिटं मजा येते. पण त्यातली बहुतेक नुसती विचित्र असतात, आणि विचित्रपणाने माणूस एकदाच दचकतो. जी खरोखर चांगली निघते ती कुणीतरी ओळखून बाजूला काढावी लागते. ती नजर वाचकाची, बटणाची नव्हे.

शेवटची चौकट नुसती कापून टाकणं हा सगळ्यात सोपा उपाय आणि कधीकधी सगळ्यात खोल जाणारा. चार्ल्स शुल्झची ‘पीनट्स’ २ ऑक्टोबर १९५० ला सुरू झाली आणि १३ फेब्रुवारी २००० ला संपली. वर्षानुवर्षं ती चार चौकटींची पट्टी होती. २०११ मध्ये कुणीतरी तिची चौथी चौकट काढून टाकून बाकीच्या तीन इंटरनेटवर लावायला सुरुवात केली. चौथ्या चौकटीत शुल्झ वाचकाला सोडवतो, एखादी कोपरखळी मारून मोकळं करतो. ती नसली की पट्टीचा नायक चार्ली ब्राउन आपलं मन उघडं करून तसाच उभा राहतो, आणि पट्टी त्याला तिथेच सोडून जाते. त्या तीन चौकटी वाचल्यावर शुल्झविषयीचा माझा आदर वाढला. पन्नास वर्षं हा माणूस केवढं दुःख लिहीत होता, आणि रोज त्यावर एका चौकटीचं झाकण ठेवत होता.

केसी ग्रीनच्या जळत्या खोलीतल्या कुत्र्याचं मात्र उलट झालं. डोक्यावर छोटी हॅट, समोर कॉफीचा मग, सगळीकडे ज्वाळा, आणि सगळं ठीक आहे असं म्हणणारं ते कुत्रं कुणी पाहिलं नसेल? परीक्षा असो, निवडणूक असो, ऑफिसातला मार्च महिना असो, ते येतंच. ती जानेवारी २०१३ मधली पट्टी आहे आणि तिला सहा चौकटी आहेत. जगभर फिरतात त्या पहिल्या दोन. पुढच्या चार चौकटींत ते कुत्रं कॉफी पितं, आग अंगाला लागते, तरी ते स्वतःची समजूत घालत राहतं, आणि शेवटी त्याचा चेहरा वितळतो. दोनच्या पुढे कापल्यामुळे ते कुत्रं अमर झालं. आग कायमची लागलेली, आणि ते कायमचं बसलेलं. रोज वापरायला हीच आवृत्ती सोयीची, मान्य. पण मला सहा चौकटीच जास्त खऱ्या वाटतात. ग्रीनने तिथे धीर सोडला नाही, जे होणार ते शेवटपर्यंत काढलं. कापलेली आवृत्ती आपल्याला हसून सोडून देते, अख्खी पट्टी सोडत नाही.

आणि मग ‘लॉस’. यावर लिहिताना मला नेहमी जरा जड जातं. टिम बकलीची ‘कंट्रोल ऑल्ट डिलीट’ ही व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांची विनोदी पट्टी. २ जून २००८ ला तिच्यात ‘लॉस’ नावाच्या चार मुक्या चौकटी आल्या. पहिलीत नायक धावत हॉस्पिटलात शिरतो. दुसरीत तो काउंटरवरच्या बाईंशी बोलतो. तिसरीत डॉक्टरांशी. चौथीत तो उभा आणि त्याची प्रिया खाटेवर आडवी, रडत. तिचा गर्भपात झालाय. रोजच्या टवाळीतून एकदम इथे आणून सोडलेलं वाचकांना पटलं नाही, आणि त्यांनी त्या पट्टीची रेवडी उडवायला घेतली. आधी पात्रं बदलली. मग चित्रं गाळली. शेवटी चौकटींत काय उरलं? एक उभी रेघ, एक उभी आणि शेजारी जराशी बुटकी, दोन उभ्या, एक उभी आणि एक आडवी. आपल्या पोथीतल्या दंडांनीही लिहिता येईल: । ।। ॥ ।_ एवढ्यावर लोक ओळखतात. चमचे मांडून, इमारतींच्या खिडक्यांतून, कशाकशातून ही रचना शोधून काढली गेलीय.

रचना म्हणून बघितलं तर याला तोड नाही. माणसं गेली, चेहरे गेले, शब्द तर मुळातच नव्हते, तरी चार चौकटींत कोण उभं आणि कोण आडवं एवढ्यावर गोष्ट ओळखू येते. पट्टीचा सांगाडा इतका उघडा करून दाखवलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. पण त्या आडव्या रेघेच्या जागी एक बाई आहे, आणि तिच्या जागी खरोखर कधी पडून राहिलेल्या बायका माझ्या ओळखीत आहेत. त्या असलेल्या ग्रुपवर मी हे मीम टाकत नाही. मूळ पट्टी कमकुवत होती हे मलाही वाटतं. बकलीच्या त्या चार चौकटींत ती बाई जेमतेम एकाच चौकटीत येते, तीही शेवटच्या, आणि सगळी धावपळ त्याची. हसणाऱ्यांनी नेमकं याच कमकुवतपणावर बोट ठेवलं असतं तर ते फार मोठं वाचन ठरलं असतं. रेघांच्या चढाओढीत तो मुद्दा मागे पडला.

या फिरत्या चौकटींच्या बाबतीत एकच गोष्ट माझ्या मनाला लागते, ती म्हणजे सही कापणं. चौकट हलवा, पुसा, उलटी लावा. पण खालच्या कोपऱ्यातलं ते बारीक नाव क्रॉप करून टाकू नका. मूळ पट्टी सापडण्याचा तोच एक दोरा असतो, आणि मूळ सापडली की गंमत दुप्पट होते. बॅटमन रॉबिनला थोबाडीत मारतोय हे चित्र घ्या. फुगे रिकामे करून त्यात लोकांनी काय काय भरलंय, मराठीतही: सासू-सुना, पुणे-मुंबई, भाषेच्या चुका, मिसळीतले बटाटे. ती चौकट नोव्हेंबर १९६५ च्या ‘वर्ल्ड्स फायनेस्ट’ या कॉमिक्स मालिकेच्या १५३ व्या अंकातली आहे, चित्र कर्ट स्वॉनचं. कथा काल्पनिक शक्यतेची: आपल्या वडिलांना सुपरमॅननेच मारलं, या समजुतीने बॅटमन पेटलाय, रॉबिनला ते पटत नाही, आणि त्या वादात हात उठतो. हे कळल्यावर मिसळीच्या बटाट्यावरून पडलेली थप्पड आणखीच हसवते, कारण त्या हातामागे केवढा राग आहे ते आता माहीत असतं. हल्ली ते मीम कुणाला पाठवलं तर खाली एक ओळ मी जोडते: चित्र कर्ट स्वॉन, अंक १५३, १९६५. दोघांतिघांनी उलट विचारलं की पुढे काय होतं, आणि मग मी अख्खी गोष्ट सांगत बसले.